छावणीत नव्याने येणाऱ्या कुटुंबांचे आपण कोण?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, आणि तो काही गौरवाचा नव्हे. ब्रिटिश अमदानीत सेवेची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना स्वदेशी धाडण्यापूर्वी येथील छावणीत आणून ठेवीत. जहाजे हिवाळ्याच्या मोसमात सुटत. ज्याची वेळ चुकली त्याला महिनोन्महिने येथेच बसून राहावे लागे. हाताला काम नाही, ओळखीचे माणूस नाही, वर उन्हाळा. त्यात कित्येकांची मने बिघडली आणि 'डूलाली टॅप' हा वाक्प्रचार शिपायांच्या तोंडी रूढ झाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे 'डूलाली' या शब्दाला वेडगळ असा अर्थ चिकटला तो आजतागायत.

त्या शिपायांना वेड लागले ते केवळ उन्हाने नव्हे, असे आम्हांस वाटते. या गावात त्यांचे कोणी नव्हते.

फाळणीपूर्वीच तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीस आली. नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र आहे. दरवर्षी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे बदलून येतात. जवानाला निदान पलटण असते. सकाळी हजेरीला उभे राहिले की तो त्या जगाचा झाला. प्रश्न आहे तो त्याच्या पत्नीचा. गढवालच्या किंवा मदुराईकडच्या खेड्यातून आलेली, कडेवर मूल असलेली ही मुलगी देवळाली स्थानकावर उतरते तेव्हा तिला मराठी येत नाही, आणि पुष्कळदा हिंदीही बेताचीच येते. सरकारी क्वार्टर लगेच मिळतेच असे नाही. क्रम लागेपर्यंत भगूरला वा लॅम रोडच्या आसपास भाड्याची खोली शोधावी लागते. पहिल्याच आठवड्यात मैदानावरून तोफांचा गडगडाट कानी येतो आणि लेकरू दचकून उठते. आपल्या मुलांना त्या आवाजात अभ्यास करण्याची सवय आहे, म्हणून आपल्याला ते ध्यानातही येत नाही.

आता खोल्या देणारे आपणच आहोत, तेव्हा थोडे स्पष्ट बोलले तर राग नसावा. 'लष्करवाला आज आहे, उद्या नाही' म्हणून मोठी अनामत मागावयाची आणि बदलीचा हुकूम आला की ती अडवून धरावयाची, ही रीत आपल्यात मुळीच नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी करार करून तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्या करारात एवढेच एक कलम घालावे की, बदली झाल्यास एक महिन्याच्या सूचनेवर जागा सोडता येईल आणि अनामत त्याच दिवशी परत मिळेल. यात आपले काही बुडत नाही.

शाळेचा मार्ग त्या मानाने सोपा आहे. बदलीच्या नोकरीमुळे मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणूनच १९६३ साली सैन्याच्या २० शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांचा आरंभ झाला. तेथे जाताना जुन्या शाळेचा दाखला आणि बदलीचे कागद जवळ असावेत, इतके सांगणारे कोणी भेटले की पुरे.

आमच्या भगिनींना मात्र एक अधिक नाजूक काम सांगावयाचे आहे. नवविवाहितेशी ओळख वाढली की तिला हळूच विचारावे, "बाई, तुमच्या लग्नाची नोंद पलटणीच्या कागदांत झाली का?" लष्करात त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. विवाह आणि पुढे मुलांचे जन्म त्यात चढले नाहीत, तर क्वार्टरपासून औषधोपचारापर्यंत सर्वत्र अडते; आणि दुर्दैवाने काही विपरीत घडलेच, तर निवृत्तिवेतनासाठी त्या मुलीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे ना, हेही पाहावयास सांगावे. उलट, तिचे यजमान कोठे तैनात आहेत, पलटण केव्हा हलणार, हे मात्र कदापि विचारू नये. ती सांगू लागली तरी बोलणे दुसरीकडे वळवावे.

याखेरीज बाजार कोठे भरतो, पावसाळ्यापूर्वी काय भरून ठेवावे, कोणता डॉक्टर रात्री दार उघडतो, या गोष्टी सांगावयास शहाणपण लागत नाही. लागते ती थोडी सवड.

आता मूळ मुद्दा. आपल्या कार्यालयामागील दोन खोल्या लग्नसराईखेरीज रिकाम्याच असतात. नव्याने आलेल्या कुटुंबाला जागा मिळेपर्यंत त्या पंधरा दिवस नाममात्र भाड्याने द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. तोफखाना केंद्रात मुलाची कसम परेड पाहण्यास येणाऱ्या आईबापांचीही तेथे सोय होईल. यावर काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा की, या खोल्या ज्ञातीच्या वर्गणीतून उठल्या. त्या ज्ञातीतील सैनिकांपुरत्याच राखाव्यात. हा आक्षेप क्षुद्र नव्हे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली, त्यांचा शब्द वजनाचाच आहे. परंतु ज्ञातीतील असे कुटुंब वर्षाकाठी येऊन येऊन किती येणार? उरलेले दिवस कुलूपच राहावयाचे. शिवाय आपलीही मुले आज जोधपूरला आहेत, तेजपूरला आहेत. तेथे आपल्या सुनेला पहिल्या रात्री ज्यांनी भाकरी वाढली, त्यांनी तिची जात विचारली नव्हती. विचारली असती तर तिने पत्रात कळविलेच असते!

ज्ञातीच्या कुटुंबाला अग्रक्रम राहावा, लग्नाच्या तारखा आधी राखून ठेवाव्यात, आणि बाकीचे दिवस दार सर्वांना उघडे असावे, अशी तडजोड आम्ही ठरावात घातली आहे. खोल्यांच्या किल्ल्या महिला शाखेकडे असाव्यात, कारण पुरुषमंडळी दिवसा कामावर असतात आणि गाडी दुपारीही येते. ठराव चिटणीस वाचून दाखवितील. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो येथेच, उभे राहून मांडावा. आम्ही ऐकून घेण्यास बसलोच आहोत.