बंदरावर उतरतांना

भूमध्य समुद्रावरील जहाजी सफरीची हौस आतां मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाहीं. आमच्या नाशिकांतहि सेवानिवृत्त झालेल्या कित्येक जोडप्यांच्या घरीं त्या प्रचंड पांढऱ्या जहाजांचीं रंगीत पत्रकें दिसूं लागलीं आहेत. कोणी भविष्य-निर्वाह-निधीचा एक भाग त्यासाठीं बाजूस काढतो, कोणाला परदेशीं राहणारा मुलगा तिकिटें पाठवितो. तिकिटांचा प्रश्न सुटला कीं दुसरा उभा राहतो, आणि त्याविषयींच आज मला बोलावयाचें आहे. जहाज बहुतेक रोज सकाळीं नव्या बंदरास लागतें. बार्सिलोना, मार्सेल्स, नेपल्स अशा प्रत्येक ठिकाणीं किनाऱ्यावरील सहलींची एक लांबलचक यादी प्रवाशाच्या हातीं पडते. प्रत्येक सहलीचे पैसे निराळे, आणि दिवस मात्र एकच. अशा वेळीं निवड कशी करावी?

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिककर चांगला लायक आहे, कारण त्यानें तो दुसऱ्या बाजूनें पाहिलेला असतो. सकाळीं नाशिक रोड स्टेशनवर उतरून रात्रीच्या गाडीनें परतणारी यात्रेकरू मंडळी आम्ही जन्मभर पाहत आलों आहों. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, पांडवलेणीं आणि त्र्यंबकेश्वर, सारें एका दिवसांत! सायंकाळीं त्यांना विचारावें कीं काय पाहिलें, तर रिक्षा, रांग आणि चपला ठेवण्याची जागा, एवढेंच त्यांना धड आठवतें. परंतु काळारामाच्या सभामंडपांत तासभर स्वस्थ बसलेला एखादा म्हातारा असतो. तो नाशिक पाहून जातो. परक्या बंदरावर उतरतांना आपण या दोहोंपैकीं कोण व्हावयाचें, तें आधीं ठरवावें.

आतां थोडा हिशेब. पत्रकावर ज्या बंदरापुढें 'रोम' असें छापलेलें असतें, त्याचें नांव चिवितावेक्या. तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. म्हणजे आपण येथून शिर्डीस जावें त्याहून थोडेंच कमी. जहाज सकाळीं सातला लागलें आणि सायंकाळीं सातला सुटणार असें समजा. सर्व मंडळी उतरून मोटारींत बसेपर्यंत आठ वाजतात, आणि सहापर्यंत परत जहाजावर हजर राहिलें पाहिजे. राहिले दहा तास. जाण्यायेण्यांत साडेतीन ते चार जातात, जेवणांत आणि माणसें मोजण्यांत एखादा-दीड. उरलेल्या पांच तासांत दोन-अडीच हजार वर्षांचें रोम! त्यांत कोलोसियम, व्हॅटिकन आणि कारंजें हीं तिन्ही ज्या सहलींत येतात, ती घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे. तिघांतलें एक घ्यावें आणि तें पायीं, डोळे उघडे ठेवून पाहावें. व्हॅटिकनचें संग्रहालय बहुतेक रविवारीं बंद असतें, हेंहि तारीख पाहून ताडून घ्यावें. लिव्होर्नो बंदराची तीच कथा. तेथून फ्लॉरेन्स शिर्डीइतकें दूर, पण पिसा त्र्यंबकेश्वराहून जवळ. गुडघे दुखत असतील त्यानें शिर्डीचा मोह सोडून त्र्यंबक धरावें.

सहल जहाजाकडून घ्यावी कीं स्वतः जावें, असा एक वाद नेहमीं निघतो. जहाजाची सहल महाग पडते, परंतु मोटार वाटेंत अडकली तर जहाज आपल्या सहलीच्या माणसांसाठीं सामान्यतः थांबतें. स्वतः गेलेल्या माणसासाठीं थांबत नाहीं. म्हणून लांबच्या गांवीं जाणें असेल तर जहाजाबरोबर जावें. गांव बंदरालाच लागून असेल तर पैसे वांचवावे. माल्टांतील व्हॅलेटा शहर असें आहे. तेथें धक्क्याच्या बाजूनें वरच्या बागेपर्यंत नेणारा पाळणा २०१२ सालापासून सुरू झाला आहे. वर गेलें कीं सारें बंदर पायांखालीं दिसतें. याउलट सान्तोरिनीस जहाज धक्क्यास लागतच नाहीं. लहान होड्यांतून उतरावें लागतें आणि वरचें गांव कड्याच्या माथ्यावर. पांचशेंवर पायऱ्या, नाहींतर दोरीवरचा पाळणा आणि त्याची रांग. सप्तशृंगीच्या पायऱ्या ज्यांना आतां झेपत नाहींत, त्यांनीं रांगेचा वेळ आधींच हिशेबांत धरावा.

नेपल्सविषयीं जरा अधिक सांगतों. येथें सगळे पाँपेईस जातात. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या राखेखालीं गाडलें गेलेलें तें नगर पाहण्यासारखें आहे यांत शंका नाहीं. पण तेथील रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे, सांवली थोडी आणि उन्हाळ्यांत ऊन आपल्या वैशाखासारखें. आम्ही उभयतां तिकडे न जातां नेपल्स शहरांतील पुराणवस्तुसंग्रहालयांत गेलों. तें बंदरापासून जवळच आहे. मंगळवारीं मात्र बंद असतें. पाँपेईंतील घरांत सांपडलेलीं भित्तिचित्रें आणि फरशीवरचीं चित्रें तेथेंच आणून ठेवलेलीं आहेत. परंतु आम्ही गेलों तें एका वीतभर उंचीच्या हस्तिदंती बाईसाठीं. १९३८ सालीं पाँपेईंतील एका घरांत ती सांपडली. अंगभर दागिने, दोन बाजूंस दोन दासी, आणि घडण निःसंशय भारतीय. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. आतां पुष्कळ विद्वान् यक्षी म्हणतात. आपल्या जालना जिल्ह्यांतील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशीं तिचें साम्य अभ्यासकांनीं दाखविलें आहे. म्हणजे मराठवाड्यांतील एखाद्या कारागिराच्या हातची वस्तु व्हेसुव्हियसच्या राखेंत निजली असणें शक्य आहे! ती ज्या दालनांत ठेवतात तेथील इतर वस्तू सहकुटुंब पाहण्याजोग्या नाहींत, एवढी सूचना देऊन ठेवतों.

पांडवलेण्यांतील सतरावें लेणें इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनानें, धम्मदेवाच्या मुलानें, खोदविलें असा लेख तेथेंच आहे. तें शाळेच्या मुलांना दाखवितांना मी नेहमीं विचारीत असें, "हा माणूस इतक्या दूर कशाला आला असेल?" नेपल्सला त्या कांचेपुढें उभा असतां तोच प्रश्न उलट दिशेनें मनांत आला.

मार्सेल्स बंदराची यादी वाचतांना नाशिककराला एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांना 'मोरिया' जहाजावरून हिंदुस्थानांत आणीत असतां ८ जुलै १९१० रोजीं सकाळीं त्यांनीं याच बंदरांत जहाजाच्या झरोक्यांतून उडी घेतली आणि पोहून धक्का गांठला. फ्रेंच भूमीवर ते पकडले गेले, परत जहाजावर नेले गेले. खटला हेगच्या लवादापुढें गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल ब्रिटिश सरकारच्या बाजूनें लागला. त्यांच्या राजकारणाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, ज्या पाण्यावर ही घटना घडली तें पाणी पाहावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. छापील यादींत ही सहल सांपडणें कठीण. बंदरहि फार पालटलें आहे, आणि कामाच्या धक्क्यांवर वाटेल तेथें जाऊं देत नाहींत. जुन्या बंदराच्या कांठीं मात्र कोणीहि बसूं शकतो, आणि त्याला पैसे पडत नाहींत.

परवान्याची एक गोष्ट घाईनें सांगतों. जहाज तुर्कस्तानासारख्या देशास लागून पुन्हां इटलींत किंवा ग्रीसमध्यें येणार असेल, तर युरोपचा प्रवेश-परवाना एकाहून अधिक वेळां प्रवेश देणारा असावा लागतो. तो तसा आहे कीं नाहीं, हें पैसे भरण्याआधींच पाहावें.

आतां मला जें सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें. आमच्याच जहाजावर आपल्याकडील एक जोडपें होतें. यजमानांनीं घरीं बसूनच सातहि बंदरांच्या लांबच्या सहली निवडल्या होत्या. पहिल्याच सहलींत बाईंचा पाय सुजला. पुढें यजमान रोज सकाळीं उतरून जात, कारण भरलेले पैसे परत मिळणार नव्हते; आणि बाई वरच्या मजल्यावर कठड्याशीं बसून ज्या गांवाचें नांवहि त्यांना नीट उच्चारतां येत नव्हतें, त्याचीं घरें पाहत बसत. चाळीस वर्षें ज्यांच्या हातचें जेवलों त्यांना कोठें जावयाचें आहे, हें विचारण्यास यादी वाचण्याइतकाहि वेळ लागत नाहीं.

आम्ही निघण्यापूर्वीं दोघांनीं दोन वेगळ्या कागदांवर, एकमेकांस न दाखवितां, प्रत्येक बंदरापुढें एकच इच्छा लिहिली. ताडून पाहिलें तेव्हां नेपल्सखेरीज एकहि नांव जुळलें नाहीं. मग वांटणी झाली. मार्सेल्स माझें ठरलें. बार्सिलोना तिचें, आणि तिनें लिहिलें होतें, तेथील भाजीबाजार. मला त्यांत काय पाहावयाचें तें कळेना, पण गेलों. दोन तास ती टोमॅटो, मिरच्या आणि द्राक्षें हातांनीं न शिवतां नुसत्या डोळ्यांनीं निवडीत हिंडली, आणि द्राक्षांपाशीं थांबून म्हणाली, "आपल्या पिंपळगांवचीं याहून बरीं."