पितृत्व : जाणिवेने स्वीकारलेले व्रत

(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मूल जन्माला आले की पुरुषाला ‘बाप’ ही पदवी आपोआप प्राप्त होते. त्या पदवीस पात्र होण्यासाठी मात्र पुढची अनेक वर्षे वेचावी लागतात. आपल्या समाजात संगोपनाचा भार बहुधा मातेच्या पदरी टाकला जातो. वडिलांनी कमवावे, फी भरावी आणि प्रसंगी धाक दाखवावा, एवढ्यावरच त्यांचे कर्तव्य संपले असे मानले जाते. या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण गुजरातेत घडले. त्याचे स्मरण आज उचित ठरेल.

गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ साली सौराष्ट्रात झाला. व्यवसायाने ते वकील. १९१३ मध्ये त्यांना पुत्र झाला आणि या मुलाला कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. पुष्कळ वडिलांना हा प्रश्न पडतो आणि चार दिवसांत विसरलाही जातो. गिजुभाईंनी तो सोडला नाही. बालशिक्षणाविषयीचे ग्रंथ त्यांनी वाचले, मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा अभ्यास केला. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. वकिली मागे पडली. १९२० मध्ये तेथे त्यांचे बालमंदिर सुरू झाले. भय, शिक्षा आणि बक्षिसाचे आमिष यांना तेथे थारा नव्हता. मिशा राखणाऱ्या या गृहस्थाला लोकांनी प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हटले. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी ते बीज मराठी मुलखात रुजविले.

एका बालकाच्या जन्माने एक वकील शिक्षक झाला. मुलाला घडविताना पिता स्वतःही घडत असतो, हे या चरित्राचे सार आहे. गिजुभाईंच्या पालकांसाठीच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आईबाप होणे कठीण आहे’ असा आहे.

प्रत्येकाने व्यवसाय सोडावा, असा याचा अर्थ नव्हे. गोव्यातील कितीतरी वडील जहाजांवर वा आखाती देशांत नोकरी करतात. महिनोन्महिने त्यांना घर दिसत नाही. पैसा वेळेवर पोचतो, परंतु सुटीत परतलेल्या बापाकडे लहान मूल परक्यासारखे पाहते. गावातच राहून संध्याकाळ चव्हाट्यावर घालविणाऱ्याच्या घरीही स्थिती निराळी नसते. हे अंतर भेटवस्तूंनी भरून निघत नाही.

त्यावर उपाय साधा आहे. रोज थोडा वेळ मुलासाठी राखावा. दूर असल्यास फोनवर गुणांची चौकशी करण्याआधी त्याचा दिवस कसा गेला ते ऐकावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून दोघांनी मिळून शोधावे. रागाच्या भरात हात उगारला गेलाच, तर चूक कबूल करावी. त्यामुळे बापाचा मान कमी होत नाही. चूक मान्य करणारा माणूस कसा असतो, हे मुलाला घरातच दिसते. शिक्षकांनीही पालकसभेचे निमंत्रण आईपुरते न ठेवता वडिलांना आवर्जून बोलवावे.

मुलाचे बालपण एकदाच येते. वडिलांना वडील होण्याची संधीही त्याच काळात मिळते. ती दवडू नये, एवढीच विनंती.