सही करण्यापूर्वी



आपल्या कर्जत-खालापूर भागात जमिनीचे व्यवहार कोणाला नवे नाहीत. भाडेपट्टा केला तर जमिनीची मालकी आपलीच राहते. खरेदीखत केले की ती दुसऱ्याची होते. हाच भेद आज आपल्या मुलांसमोर संगणकावर उभा आहे. परवा एका माजी विद्यार्थ्याने मोबाईलवर एक इंग्रजी करार दाखवून विचारले, "सर, नुसते 'मान्य' दाबू का?" मला लगेच उत्तर देता आले नाही.

ज्या आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता व सुधारता येतात, त्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. अशा कामात आपला विद्यार्थीही घरबसल्या भर घालू शकतो. मात्र ती स्वीकारण्यापूर्वी काही संस्था त्याच्याकडून करार करून घेतात.

हे करार एकसारखे नसतात. अपाची संस्थेच्या करारात मालकी लिहिणाऱ्याकडेच राहते व संस्थेला परवाना मिळतो. पण तो कायमचा असतो, मागे घेता येत नाही. काही ठिकाणी मालकीच लिहून द्यावी लागते. लिनक्ससाठी वेगळा करार नाही; हे काम खुल्या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही नावानिशी द्यावी लागते. ही पद्धत 2004 पासून आहे.

यात धोका कोणता? हॅशिकॉर्प कंपनीच्या टेराफॉर्म या आज्ञावलीत बाहेरच्या अनेकांनी करार करून भर घातली होती. ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीने पुढील आवृत्त्यांचा खुला परवाना बदलून बंधने घातली. करारामुळे तिची वाट मोकळी होती. नाराज मंडळींनी जुन्या खुल्या आवृत्तीवरून 'ओपनटोफू' हा वेगळा प्रकल्प उभारला.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की, हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो.

म्हणून पालकहो, अशा वेळी मुलांच्या शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. मालकी कोणाकडे राहणार? परवाना मागे घेता येईल का? संस्था पुढे अटी बदलू शकेल का? इंग्रजी अडले तर शाळेत या, आपण मिळून वाचू.

विद्यार्थ्यांनो, आपले ज्ञान सर्वांना जरूर द्या. पण काय देतो आहोत, हे समजून द्या.