‘आम्ही जाऊ’ आणि ‘आम्ही जात असू’
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



व्याकरणावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही पडलो बी. ए. पर्यंत शिकलेले सरकारी नोकर. आयुष्य फायलींत गेले. तथापि घरी घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस क्रियापदांकडे लक्ष देणे भाग पाडले. तो आपणांपुढे ठेवतो.

सरोजिनीनगरच्या सरकारी घरात राहत असताना आमच्या वडिलांनी बालपणाच्या आठवणी एका वहीत लिहिल्या होत्या. पुढे ती वही आमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पडली. मोठ्याने वाचता वाचता तो एका वाक्यापाशी थबकला : ‘दिवाळीत आम्ही वाईस जाऊ, कृष्णेच्या घाटावर स्नान करू.’ वही टाकून तो आजोबांकडे धावला. ‘आबा, झेलमची तिकिटं काढली का?’

सारे हसले, वडील मात्र हसले नाहीत. वाईचे घर विकून तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

दोष मुलाचा नव्हता. ‘तो जाई’, ‘ती दळी’, ‘ते बसत’ ही रूपे गतकाळची रीत सांगतात, याविषयी कोणास शंका येत नाही. शाळेतील व्याकरण यास रीतिभूतकाळ म्हणते. पण कर्ता ‘आम्ही’ झाला की रीतिभूतकाळातही ‘जाऊ’ आणि भविष्यकाळातही ‘जाऊ’! ज्ञानेश्वरांच्या काळी ‘करी’, ‘बोले’ ही रूपे वर्तमानकाळाची होती. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीत तो वर्तमानकाळ अजून टिकून आहे. पुढे ‘करतो’, ‘बोलतो’ रूढ झाले आणि जुनी रूपे गतकाळच्या सवयींपुरती उरली.

दिल्लीत वाढलेली आपली मुले हिंदीतील ‘जाते थे’च्या वळणाने ‘दर रविवारी आम्ही जात होतो’ असे म्हणतात. ‘जात होतो’ म्हटले की आमचा कान पुढच्या ‘तेवढ्यात’ची वाट पाहतो : जात होतो, तेवढ्यात पाऊस आला. वास्तविक हिंदीतही सवयीसाठी ‘जाया करते थे’ असा खास प्रयोग आहे. तो मात्र मुलांनी उचलला नाही.

आमची पुतणी हनुमान रोडवरील सर्व्हांतेस संस्थेत स्पॅनिश शिकते. तिच्याकडून कळले की त्या भाषेत ‘एकदा गेलो’ यास ‘फुई’ आणि ‘जात असे’ यास ‘इबा’. मात्र ‘जात होतो’ यासही ‘इबा’च चालते, म्हणजे येथे मराठी अधिक काटेकोर ठरली. शिवाय ‘सोलेर’ हे एक क्रियापद केवळ ‘प्रघात असणे’ एवढेच सांगते. (आमच्या कचेरीत ते फार उपयोगी पडले असते.) हे सारे ती तक्ते करून पाठ करते. मराठीत कसे म्हणशील, असे विचारता ती उत्तरली, ‘जायचो.’ उत्तर बरोबर होते. बोलण्यात ‘जायचो’ने ‘जाई’ची जागा केव्हाच घेतली आहे, आणि त्यात वाईट काही नाही. आमच्या मातोश्रीही तसेच बोलत.

आता विनंती. आपल्यापैकी जे वडीलधारे नातवंडांसाठी आठवणी लिहीत आहेत, त्यांनी ‘तो जाई’, ‘ती गाई’ खुशाल लिहावे; ‘आम्ही’ आले की मात्र ‘जात असू’, ‘करीत असू’ लिहावे. आमच्या वडिलांनी त्याच रात्री वही मागून घेतली आणि पेन्सिलीने पानोपानी तशी दुरुस्ती केली. वाईचे वाक्य तेवढे त्यांनी तसेच राहू दिले.