पाटी माझ्याकडे आहे
(वस्तीतल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी विजेवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, विजेला कुठं जात असते? थांबा जरा.

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी १० च्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. कळवा-पडघ्याकडून वीज आणणाऱ्या लाइनी गेल्या. अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून वाचवायची जी व्यवस्था होती, तीही कोसळली. लोकल रुळांवर उभ्या. सिग्नल मेलेले.

आमची इमारत पुनर्वसनाची. मी आठव्या मजल्यावर. समोर त्याच जमिनीवर, जिथं आमच्या झोपड्या होत्या, विक्रीचा टॉवर. टॉवरला जनरेटर. आम्हाला जिना.

आई करोनातून उठलेली, नाकात नळी. ते मशीन खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं, पण विजेवर. वीज गेली, मशीन गप्प. बोटावरचा आकडा ९३ वरून ८४ वर आला. सिलेंडरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, गाडी वाटेत आहे, पण माणूस वर चढवेल का ते सांगता येत नाही, त्याचं काम गेटपर्यंतच.

टेम्पोवाला आला. लिफ्ट बंद बघितली, एक शब्द बोलला नाही. सिलेंडर खांद्यावर घेतला न् निघाला. मी मागून हात लावत होतो, खरं तर मीच त्याच्या आधारानं चढत होतो. वर येऊन त्यानंच रेग्युलेटर बसवला, गळती बघितली. दीड हजार लिटरचा सिलेंडर, मिनिटाला दोन लिटर, म्हणजे साडेबारा तास. हा हिशेब त्यानंच मला शिकवला.

पंप बंद म्हणून नळाला पाणी नव्हतं. हंड्यात होतं ते तांब्याभर दिलं. तो जिन्यात बसूनच प्यायला. म्हटलं, भाऊ, आत या. म्हणाला, "राहू द्या, सवय नाही. समोरच्या टॉवरात उंबरा ओलांडू देत नाहीत. लिफ्ट चालू असली तरी आमची वेगळी, मागची."

आता टॉवरला शिव्या घालणं सोपं आहे. टाळ्या पण मिळतील.

पण गेल्या महिन्यात आपल्याच इमारतीत, आपल्याच लिफ्टपाशी पाटी लागली : 'डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा.' का? तर लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. कमिटीतले सगळे आपले. दर १४ एप्रिलला स्टेजवर असतात. पाणवठ्याची गोष्ट पोरांना रंगवून सांगतात. अन् तीस किलोचा गॅस सिलेंडर घेऊन येणाऱ्या माणसाला म्हणतात, चढ!

१९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते. देशाच्या विजेचं धोरण त्याच खात्याकडं होतं. वीज स्वस्त आणि भरपूर पाहिजे, असं ते सांगत होते. ती वीज आपल्या लिफ्टपर्यंत पोचली आणि आपण तिच्यावर पहारेकरी बसवला.

राजस्थाननं २०२३ साली ह्या ॲपवरच्या कामगारांसाठी कायदा केला. कायदा पाहिजेच, त्यासाठी भांडूच. पण ही पाटी काढायला कुठला कायदा लागतो?

मी ती काढली. सेक्रेटरीची नोटीस आलीय, दंड भरा म्हणून. भरणार नाही. रविवारी १० वाजता गच्चीवर सभा आहे. पाटी माझ्याकडे आहे, घेऊन येतो. तुम्ही पण या.