मेंदीच्या केसांवर ब्लीच
(जयपूरच्या मराठी श्रोत्यांसमोर उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षिप्त)

श्रोतेहो, या शहरात केसांविषयी बोलायचं तर मेंदीपासूनच सुरुवात करावी लागते. पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी देशभर जाते. २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथल्या बऱ्याच जणींच्या केसांत ती वर्षानुवर्षं मुरलेली असेल. आणि आता घरात लग्न निघालंय, म्हणून त्याच केसांवर हायलाइट्स करून हवेत. आज मी मुख्यतः या अडचणीवर बोलणार आहे.

केसाचा रंग मेलॅनिनचा, आणि ते असतं केसाच्या गाभ्यात. त्यामुळे ब्लीचला आत शिरावंच लागतं. कौलारू छपराची कौलं उचकटावीत तसा अमोनियासारखा अल्कली केसावरचे खवले उघडतो, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन मेलॅनिन मोडतं. बाटलीवर २० व्हॉल्यूम असेल तर ते ६ टक्के पेरॉक्साइड, ४० असेल तर १२ टक्के. पण ते मेलॅनिनपाशी थांबत नाही. केस ज्याचा बनतो त्या केराटीन प्रथिनाला बळकटी देणारे गंधकाचे बंधही तोडतं, आणि पाणी झटकून टाकणारा वरचा स्निग्ध थर घालवतं. असा केस हाताला कोरडा लागतो, पण ओला झाला की भराभर पाणी पिऊन फुगतो आणि ओढला की तुटतो. म्हणून ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालू नका. ओल्या केसांवर इस्त्री तर मुळीच नको. आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे धरतात.

रिबॉन्डिंगमध्येही हेच गंधकाचे बंध आधी तोडून पुन्हा जोडतात. म्हणजे एकाच केसावर रिबॉन्डिंग आणि ब्लीच दोन्ही करणं, हे माझ्या मते पैसे देऊन केस तोडून घेणं आहे. केराटीन ट्रीटमेंटचंही तसंच सांभाळून. काहींत फॉर्माल्डिहाइड असतं. ते नको म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिड आलं, तर २०२४ मध्ये त्याचा संबंध मूत्रपिंडाच्या इजेशी असल्याचं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता मेंदी. तिच्यातलं रंगद्रव्य, लॉसोन, केराटीनला घट्ट धरून बसतं. ब्लीचने मेलॅनिन जातं, लॉसोन पुरतं जात नाही; हवा असतो सोनेरी रंग, निघतो नारिंगी. मेंदीत नीळ मिसळली असेल तर हिरवट झाकही येते. उलट बाजूनेही पंचाईत आहे: ब्लीच केलेल्या केसांवर मेंदी लावली तर ती गाजरासारखी भडक चढते. खरा धोका मात्र मिश्रणाच्या पुड्यांचा. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हे कृत्रिम रंगाचं रसायन असतं, काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. अशा क्षारांवर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, प्रसंगी जळल्यासारखा होतो.

'मेंदी तर केव्हाच सोडली' असं बऱ्याच जणी म्हणतात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. साठ सेंटिमीटर लांब केसाचं टोक चार वर्षांपूर्वीचं असतं, आणि तेव्हाची मेंदी त्यात आहे.

पाण्याचं काय? शहराच्या मोठ्या भागाला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी येतं, पण पुष्कळ घरं अजून बोअरवेलवर किंवा टँकरवर आहेत, आणि ते पाणी बहुधा जड. ब्लीच केलेल्या केसावर ऋणभार वाढतो, त्यामुळे कॅल्शियम आणि तांबं त्याला जास्त चिकटतात. केस राठ लागतो. असे धातू धरून धुऊन नेणारं ईडीटीए असलेला शाम्पू अधूनमधून वापरा, आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी ओता. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र केसांवर घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. मुलतानी मातीही अशा केसांना नको. आधीच उरलेलं थोडं तेल ती शोषून घेते.

तेलाबाबत आपली आजी बरोबर होती, निदान खोबरेल तेलाबाबत. मुंबईत मॅरिको कंपनीच्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना छापली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यास केसातल्या प्रथिनाची गळती ठळकपणे कमी केली ती फक्त खोबरेलाने, खराब केसांतसुद्धा. लॉरिक ॲसिडचा रेणू छोटा आणि सरळ, म्हणून तो केसात शिरतो. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनही मला हा निष्कर्ष पटतो. नहाण्याच्या आदल्या रात्री थोडं तेल, धुतल्यावर कंडिशनर, आणि लू वाहत असताना डोक्यावर ओढणी. एवढं नियमाने केलं तरी पुष्कळ. दुभंगलेली टोकं मात्र कोणत्याच बाटलीने सांधत नाहीत, ती कापायचीच.

तेव्हा भगिनींनो, पार्लरमध्ये जाताना मेंदीचा रिकामा पुडा बरोबर न्या आणि गेल्या चार वर्षांत केसांना काय काय लावलं ते सगळं सांगा. आधी मानेजवळची एक बट कापून तिच्यावर ब्लीच करून बघायला लावा. त्याला 'वेळ नाही' म्हणणाऱ्या पार्लरमधून सरळ उठून या.