पांझरेचे फड आणि मिठी खाडी

पर्वत पाटिया-लिंबायत परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या गावाकडची पांझरा तापीला मिळते. म्हणजे ते पाणीही त्यांच्यामागोमाग सुरतेस येते! पांझरेकाठी शतकानुशतके फडपद्धती चालली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे शेतकरीच बसून ठरवीत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी देई. येथे मिठी खाडीला पूर आला की घरांत पाणी शिरते. आराखडा मात्र महानगरपालिका आखते. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, त्यांची रचना राज्यांवर सोपवली. तेव्हा खाडीचे काम ठरण्याआधी, पुराची खूण ज्याच्या भिंतीवर आहे त्या रहिवाशाला बैठकीस बोलवावे, ही मागणी ग्रंथालयाच्या सभासदांनीच करावयास हवी.